मेसेजमधून होणारा लैंगिक छळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून 'हाय डिअर' येतं. पाठोपाठ दोन मिस्ड व्हिडिओ कॉल, आणि मग न मागितलेला एक फोटो. त्यानंतरच्या दोन मिनिटांत आपण काय करतो? बहुतेक जणी फोन उलटा ठेवतात, मग उचलतात, सगळं पुसून टाकतात आणि सकाळी काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने डबा भरतात. मी वकील नाही. मैत्रिणींसोबत, त्यांच्या लेकींसोबत पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून राहणारी बाई आहे. तिथे आणि घरी, बऱ्याचदा चहा गार होईपर्यंत विचारले गेलेले हे प्रश्न.

घाबरून मी सगळं डिलीट केलं. आता काहीच करता येणार नाही का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून पहिला. अंगणात कुणी घाण टाकली तर आपण ती आधी उचलतो, पंचनाम्याची वाट बघत बसत नाही. डिलीट करणं ही तितकीच साहजिक गोष्ट आहे, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका.

आणि बरंच काही उरलेलं असतं. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचे फोटो अनेकदा गॅलरीत आपोआप साठलेले असतात. गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर आदल्या रात्रीचा बॅकअप असू शकतो. तो नव्या बॅकअपने पुसला जाण्याआधी आपोआप होणारा बॅकअप बंद करा आणि जाणकार माणसाच्या मदतीनेच तो परत मिळवा. 'बघ ना हा काय पाठवतोय' म्हणून तुम्ही मैत्रिणीला काही फॉरवर्ड केलं असेल, तर तिच्याकडे ते आहे. कॉलची नोंद आहे, नंबर आहे. शिवाय तुमचा स्वतःचा जबाब हाही पुरावाच असतो, हे लोक विसरतात.

मग मेसेज आल्या आल्या करायचं काय?

क्रम लक्षात ठेवा: आधी जपा, मग एका माणसाला सांगा, मग रिपोर्ट, आणि शेवटी ब्लॉक. आपण हे नेमकं उलट करतो. व्हॉट्सॲपवर 'रिपोर्ट' आणि 'ब्लॉक' एकत्र दाबलं तर ते संभाषण तुमच्या फोनमधूनही जाऊ शकतं. म्हणून जपणं आधी.

जपणं म्हणजे नुसता एक स्क्रीनशॉट नव्हे. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि पूर्ण नंबर दिसला पाहिजे. नंबर सेव्ह केला असेल तर वर फक्त नाव दिसतं, तेव्हा त्याचं प्रोफाइल उघडून नंबरसकट दुसरा स्क्रीनशॉट घ्या. (एका मैत्रिणीने तो नंबर 'कुत्रा' या नावाने सेव्ह केला होता. कागदोपत्री ते तसंच उतरलं, आणि लिहून घेणाऱ्या हवालदारालाही हसू आवरेना.) प्रोफाइलपासून सुरुवात करून वरून खालपर्यंत स्क्रोल करत स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर उत्तम. व्हॉट्सॲपमधलं 'एक्स्पोर्ट चॅट' वापरून फोटोंसकट सगळं संभाषण स्वतःच्या ईमेलवर पाठवता येतं. एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप घेऊ देत नाही, त्यासाठी दुसऱ्या फोनने फोटो काढा.

टेलिग्रामवर जास्त घाई करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज दोन्हीकडून पुसायला साधारण दोन दिवसांची मुदत असते. टेलिग्रामवर समोरचा माणूस अख्खं संभाषण कधीही दोन्हीकडून पुसू शकतो, आणि तिथे नंबरही बहुतेक दिसत नाही. त्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक लगेच टिपून घ्या. इन्स्टाग्रामवरही तसंच, कारण नाव बदलायला त्याला अर्धं मिनिट लागतं.

आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फोन हातात असेल तर ते सोपं जातं.

मी त्याला उत्तर दिलं होतं. हसण्याचा इमोजीसुद्धा पाठवला. आता माझी बाजू लंगडी झाली का?

नाही. तो इमोजी का पाठवला ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. समोरचा नवऱ्याचा मित्र असतो, क्लासचे सर असतात, किंवा ज्याच्या हातात आपलं बिल मंजूर करणं आहे असा कुणी असतो. 'हा हा' लिहून विषय बदलणं ही बायकांची फार जुनी युक्ती, फोनच्याही आधीची. काही जणी शिव्या देतात, काही जणी दोन आठवडे गप्प बसतात, काही जणी नंबरच बदलतात. यातली कुठलीही गोष्ट म्हणजे संमती नव्हे.

एक गोष्ट मात्र कामाची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, म्हणजे पाठलागाच्या गुन्ह्यात, बाईने नकार स्पष्ट कळवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं असं वर्णन आहे. म्हणून ओळखीचा माणूस असेल तर एकदाच, कोरडं, मराठीत लिहा: 'मला असे मेसेज करू नका.' 'प्लीज' नको, कारणं नकोत. त्यानंतरचा त्याचा प्रत्येक मेसेज त्याच्याच गळ्यात पडतो. कलम ७५ खाली अश्लील फोटो मनाविरुद्ध दाखवणं किंवा लैंगिक शेरे मारणं हा मात्र पहिल्याच वेळी गुन्हा आहे, तिथे आधी नकार कळवण्याची अट नाही.

'नुसतं छान दिसतेस म्हटलं, त्यात एवढं काय?' असं घरचेच म्हणतात.

त्यांना दिंडोशीचा निकाल सांगा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या एका माजी नगरसेविकेला रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान अनोळखी माणसाकडून व्हॉट्सॲप आले: सडपातळ आहेस, गोरी आहेस, स्मार्ट दिसतेस, लग्न झालंय का, मला आवडतेस. या शब्दांत एकही शिवी नाही. सोबत फोटोही होते, निकालात ते अश्लील म्हटले आहेत. २०२२ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्याला तीन महिन्यांची शिक्षा दिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने ती कायम ठेवली. अनोळखी बाईला अपरात्री असं लिहिणं अश्लीलतेत मोडतं, असं न्यायालयाने मानलं. विवाहित बाई आणि तिचा नवरा हे खपवून घेणार नाहीत, असंही निकालात म्हटलं आहे. नवऱ्याला मध्ये आणायची गरज नव्हती असं माझं मत, पण निकाल पक्का आहे.

'तोंडाने कुठे बोललो, लिहिलं फक्त' हा बचावही चालत नाही. लिहिलेला शब्दही स्त्रीच्या विनयभंगाच्या 'उच्चारात' येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ईमेलच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हाचं भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ५०९ म्हणजे आताचं न्याय संहितेचं कलम ७९, कमाल शिक्षा तीन वर्षं.

ब्लॉक केलं तर तो चिडेल का?

चिडला तर नव्या नंबरवरून येतो. तोही नंबर जपा, कारण 'पुन्हा पुन्हा' सिद्ध करायला तो उपयोगी पडतो. तुमचा स्वतःचा नंबर मात्र सोडू नका. बँक, गॅस, शाळेचा ग्रुप, सगळं त्यावर असतं, आणि पळायचं तर त्याने पळावं. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची आणि ग्रुपमध्ये कोण टाकू शकेल हे ठरवण्याची सोय आहे, ती लावा. डीपी फक्त ओळखीच्यांना दिसू द्या.

व्हिडिओ कॉल उचलला आणि फसलो. आता व्हायरल करायची धमकी देऊन पैसे मागतात.

हे विचारणारे बहुतेक पुरुष असतात आणि बहुतेक वेळा 'माझ्या एका मित्राचं झालंय' अशी सुरुवात करतात. चालेल, मित्रासाठी ऐका.

समोर जी मुलगी दिसली ती बरेचदा आधीच चित्रित केलेली फीत असते. तुमचा चेहरा पडद्यावर आला की स्क्रीन रेकॉर्ड होते. मग तुमच्या फेसबुक मित्रांची यादी पाठवली जाते. पैसे दिले तर दुसऱ्या दिवशी 'दिल्ली क्राइम ब्रँचमधून बोलतोय' असा फोन, मग 'यूट्यूबवरून व्हिडिओ काढायचे पैसे' मागणारा तिसरा. हे तिघे एकाच टोळीचे असतात. खरा पोलीस अटक टाळण्यासाठी यूपीआयवर पैसे मागत नाही.

पैसे देऊ नका. दिले असतील तर पुढचा हप्ता थांबवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, कारण रक्कम बँकेत अडवायची तर पहिले काही तास महत्त्वाचे. फेसबुकवरची मित्रयादी बंद करा. जवळच्या चारपाच जणांना आपणच आधी सांगा: 'माझा बनावट व्हिडिओ येऊ शकतो, उघडू नका.' धमकीची सगळी ताकद गुपितात असते. एकदा बायकोला किंवा भावाला सांगितलं की त्या टोळीकडे विकायला फारसं काही उरत नाही.

२०२२ मध्ये पुण्यात अशाच छळापायी तरुणांनी जीव दिला आणि तपास राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत पोचला. ती मुलं घरी बोलली असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर आधी १४४१६ लावा. ती सरकारची टेली मानस सेवा आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

फोटो मीच त्याला पाठवले होते. आता ब्रेकअप झालाय आणि तो ते पसरवायची भाषा करतो.

पाठवायला दिलेली संमती ही पसरवायची संमती नसते. हे माझं मत नव्हे, न्याय संहितेच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणातच तसं लिहिलं आहे. शिवाय खासगी आणि अश्लील चित्रं पसरवण्याबद्दलची माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ई, ६७ आणि ६७ए आहेत. ६७ए खाली पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड, आणि तो अजामीनपात्र आहे.

फोटो पसरण्याआधी करता येण्यासारखं एक काम आहे. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची मोफत सेवा आहे. तुमचा फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा बनतो आणि तो फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. तो फोटो कुणी तिथे चढवायला गेला तर ओळखला जातो. व्हॉट्सॲपवर दोघांत फिरणाऱ्या फोटोवर याचा इलाज चालत नाही, हेही सांगून ठेवते. वय १८ च्या आत असेल तर 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा वापरायची.

फोटो चढलाच असेल तर त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी नग्न किंवा खासगी चित्र तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचं बंधन घातलं, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ती मुदत दोन तासांवर आणली. ते चित्र चेहरा चिकटवून किंवा एआयने बनवलेलं असलं तरी हाच हक्क आहे. तुमच्या वतीने दुसरं कुणीही तक्रार करू शकतं.

पोलीस ठाण्यात काय होतं? खरंखरं सांगा.

ठाण्यावर अवलंबून. काही ठिकाणी पाणी विचारतात, काही ठिकाणी 'ताई, ब्लॉक करा ना, कशाला नादी लागता' असं ऐकवतात. एकदा मी आणि मैत्रिणीची लेक चार तास बसलो, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि साहेब बंदोबस्ताला गेले होते. तपास कुणी करायचा हा त्यांचा प्रश्न आहे, तक्रार लिहून घ्यायला त्याची आडकाठी नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरा अनुभव एनसीचा. धमकीचं किंवा शिवीगाळीचं कलम लावून अदखलपात्र नोंद घेतात आणि कागद हातात देतात. आपल्याला वाटतं, झाली तक्रार. एनसीवर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस अशा आदेशाशिवाय तपास करू शकतात. म्हणून शांतपणे म्हणा, 'कलम ७५, ७८, ७९ दखलपात्र आहेत, मला एफआयआर हवा आहे.' कलमांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून न्या. आकडे ऐकले की बाकड्यापलीकडचा सूर बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने काही गोष्टी सोप्या केल्या. घटना कुठेही घडलेली असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइनही कळवता येतं, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. या कलमांखालची बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तक्रार घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना टपालाने लेखी पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पुण्यानागपुरासारख्या ठिकाणी भरोसा सेल, म्हणजे बायका-मुलांसाठी पोलिसांचा मदत कक्ष, आहे. आधी तिथे बोललं तर थोडं बळ येतं.

सोबत कुणाला तरी न्या. शक्यतो गप्प बसू शकेल अशा माणसाला. मोठ्याने भांडणारे मामा घरी ठेवा.

नाव न सांगता तक्रार होते?

होते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांसाठी निनावी पर्याय आहे. पण निनावी तक्रारीचं पुढे काय झालं ते बघता येत नाही, आणि जबाब द्यायला कुणी नसेल तर खटला उभा राहणं अवघड.

पोलीस फोन काढून घेतील का?

मुद्देमाल म्हणून घेऊ शकतात. ही भीती खरी आहे. त्यात आपले स्वतःचे फोटो असतात, गप्पा असतात, सासूबद्दल लिहिलेलं असतं. जमा करायच्या आधी सगळ्याचा बॅकअप घ्या, पंचनाम्याची प्रत मागा आणि तिच्यात फोनचा आयएमईआय क्रमांक आहे ना ते बघा. नंतर न्यायालयात अर्ज करून फोन परत मागता येतो. काही तपास अधिकारी तुमच्यासमोरच हवा तो मजकूर उतरवून घेतात आणि फोन परत देतात. विचारून बघायला हरकत नाही.

घरी सांगू का? आई फोनच काढून घेईल.

हा कायद्याचा प्रश्न नाही, आणि मला सगळ्यात अवघड हाच वाटतो. कितीतरी मुली छळ सोसतात त्या छळणाऱ्याच्या भीतीने नव्हे, तर फोन जाईल, क्लास बंद होईल, 'स्थळं बघायला घ्या' सुरू होईल या भीतीने. म्हणून आईबाबांसाठीच लिहिते: लेकीने येऊन सांगितलं तर पहिलं वाक्य 'तू त्याला नंबर का दिलास?' हे नको. 'बरं केलंस सांगितलंस' एवढं पुरे. बाकीची चौकशी नंतर.

मुलींना एवढंच सांगेन की सुरुवात आईपासूनच करायला हवी असं नाही. मावशी, आत्या, मोठी वहिनी, कॉलेजातली एखादी मॅडम, घरात ज्याचा शब्द चालतो असं कुणीही. त्या व्यक्तीला सोबत घेऊन मग आईला सांगा.

त्याचा स्क्रीनशॉट नंबरसकट स्टेटसला टाकू का? सगळ्यांना कळू दे.

राग पूर्ण समजतो. कधी कधी त्याने काम होतंही, दहा जणी 'मलाही याचेच मेसेज आले' म्हणून पुढे येतात. पण ते सिम दुसऱ्याच्या नावाचं किंवा चोरीच्या फोनमधलं असेल तर भलत्याच माणसाच्या दारात दगड पडतात. त्याला सावध होऊन पुरावा पुसायला वेळ मिळतो, आणि तो अब्रुनुकसानीची नोटीसही पाठवू शकतो. आधी एफआयआर, मग हवं तर बोला.

सोसायटीच्या ग्रुपवर एक काका घाणेरडे व्हिडिओ टाकतात. ॲडमिनला धरता येईल?

काकांना धरा. ग्रुपमधल्या सदस्याने बाईबद्दल गलिच्छ लिहिलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा एकच हेतू होता हे दिसलं पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं. पण ॲडमिनला लेखी कळवा. 'चुकून फॉरवर्ड झालं' ही सबब एकदा मान्य, तिसऱ्यांदा नाही.

ऑफिसातला साहेब रात्री मेसेज करतो.

हा २०१३ च्या कायद्याखालचा कामाच्या ठिकाणचा छळ ठरू शकतो, मेसेज घरी बसून वाचला तरी. ऑफिसातल्या अंतर्गत तक्रार समितीकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल किंवा घरकामाला जात असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पोलिसांचा रस्ता याने बंद होत नाही.

मुलगी पंधरा वर्षांची आहे.

मग हा पॉक्सोचा, म्हणजे १८ वर्षांखालील मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याचा, विषय आहे. माहीत असून न कळवणं हाही त्यात गुन्हा ठरतो, शाळेसाठीसुद्धा. 'आपापसात मिटवू' म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना हे सांगा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा थेट ठाण्यात जा. तिचा नग्न फोटो आला असेल तर पुरावा म्हणून नातेवाइकांना फॉरवर्ड करू नका. मुलांची अशी चित्रं पाठवणं आणि बाळगणं हाच गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांकडे न्या.

मी मुलगा आहे. मला कायदा नाही का?

न्याय संहितेची ७५, ७७, ७८, ७९ ही कलमं पीडित स्त्री आहे असं धरूनच लिहिली आहेत. ही उणीव आहे, माझ्या मते मोठी. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई, ६७, ६७ए ही कलमं, खंडणीचं ३०८, धमकीचं ३५१ आणि १८ वर्षांखालील मुलग्यांसाठी पॉक्सो, यांना तुम्ही पुरुष आहात की स्त्री याच्याशी देणंघेणं नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याचं कलम १८ आहे.

किती वर्षं लागतात?

खरं उत्तर: काहीही सांगता येत नाही. याहू ग्रुपवर एका बाईविषयी अश्लील मजकूर टाकणाऱ्याला चेन्नईच्या न्यायालयाने २००४ मध्ये तक्रारीपासून सुमारे सात महिन्यांत शिक्षा दिली. मुंबईत लग्नाला नकार दिलेल्या मुलीला अश्लील ईमेल पाठवणाऱ्याचं प्रकरण २००९ चं, शिक्षा झाली २०१५ मध्ये, तीही काही महिन्यांची. दिंडोशीच्या त्या मेसेजना नऊ वर्षं लागली.

तेव्हा सुरुवातीलाच एक फाइल करा. मेसेजचे प्रिंटआउट, पेनड्राइव्ह, तक्रारीचा पोच शिक्का मारलेला अर्ज, एफआयआरची प्रत, आणि एका वहीत तारीखवार नोंदी: कधी मेसेज आला, कुणाला भेटलो, तपास अधिकाऱ्याचं नाव काय, काय म्हणाले. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्या तारखेवर वहीत आत्ताच खूण करून ठेवा.